अकराव्या अंकातली खिडकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवीपुढं हात जोडून उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत यायचो. तुम्हाला सांगतोय, कारण बावीस वर्षं तुम्ही माझं ऐकत आलात. आणि दुसरं एक कारण आहे — ते नंतर सांगतो. आधी सांगायचं ते तरी सांगू दे.

अंक उघडल्या उघडल्या तुमच्या लक्षात आलंच असेल, ह्या खेपेला चित्र नाही. एकही नाही. काढायला बसलो होतो, नाही असं नाही. चार दिवस कुसुमचं नाकच काढत होतो. बावीस वर्षं डोळे मिटून काढलेलं नाक, पण जमेना म्हणजे जमेना. मग ब्रश धुतला आणि पेन घेतलं. लिहायची सवय नाही मला, चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यात मावेल एवढंच लिहीत आलोय. तेव्हा कुठं अडखळलो, तेच ते पुन्हा सांगायला लागलो, तर सांभाळून घ्या.

काहींच्या हाती हा पहिलाच अंक पडला असेल. लॉजच्या काउंटरवर कुंकवाच्या पुड्यांशेजारी दिसला, म्हणून उचलला असेल. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी महादेव, तुळजापूरचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या मागं पोराबाळांची नावं घातली, आता फ्लेक्सवर वाढदिवसाचे फोटो चिकटवतो. ह्या सगळ्यातून वेळ काढून 'दोन ताटं' ही चित्रकथा काढतो. कुसुम आणि बाबू हे नवरा-बायको, त्यांचं नांदणं, रुसणं, भांडणं. वर्षाला चार-पाच अंक. आधी हातानं काढून झेरॉक्स मारायचो आणि पिन ठोकायचो, आता सोलापूरला छापून येतो. कुणी मालक नाही, कुणी संपादक नाही. शेवटच्या पानावर फक्त एक चित्र असतं — जेवायला मांडलेली दोन ताटं. जवळजवळ असली तर सगळं ठीक. एक चुलीपाशी आणि एक दाराशी असलं तर काहीतरी बिनसलंय. लोक आधी शेवटचं पान उघडून ताटं बघतात आणि मग पहिल्यापासून वाचतात, हे मला ठाऊक आहे.

कुसुम आणि बाबूला मूल नाही. पहिल्या अंकापासून नाही. हे तेवढं लक्षात ठेवा.

लोकांनी लई प्रेम केलं ओ. एकदा सोलापूरच्या एसटीत एक आजीबाई अंक वाचत होत्या, मी शेजारच्याच सीटवर. त्यांना काय माहीत मी कोण. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्या बाबूच्या कानाखाली कुणीतरी वाजवा की!" मी आपला हो हो म्हणत बसलो. नवीन लग्न झालेली जोडपी देवीला येतात, त्यातल्या नवऱ्या गुपचूप अंक घेऊन पिशवीत टाकतात. पाच-सहा वर्षांनी त्याच बायका लेकरू कडेवर घेऊन येतात आणि विचारतात, अजून भांडतात का हो ती दोघं?

आणि सगळे एक प्रश्न हटकून विचारतात. हे तुम्हाला सुचतं कसं?

सुचतं, म्हणायचो मी. मान जरा तिरकी करून म्हणायचो.

काही सुचत-बिचत नव्हतं. मी बघत होतो, ऐकत होतो आणि काढत होतो. पाटी रंगवायला शिडीवर चढलेल्या माणसाकडं कुणाचं लक्ष नसतं. खाली दुकानदार आणि त्याची बायको काय वाटेल ते बोलतात. तिसरा अंक निघाला तेव्हा एका माणसानं भर बाजारात माझी कॉलर धरली, माझ्या घरातलं तुला कुणी सांगितलं म्हणून. मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते भांडण दुसऱ्याच घरातलं होतं! पण घाबरलो. चौथ्या अंकापासून मागच्या पानावर बारीक अक्षरात छापायला लागलो — 'या अंकातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत.' तुम्ही ते वाक्य कधी वाचलं नसेल, कुणीच वाचत नाही. काल्पनिक! बाबूच्या मिशा सोडल्या तर त्यात काल्पनिक असं काही नव्हतं.

त्या वाक्याबद्दलच बोलायचंय मला.

पण त्याच्या आधी अक्का. माझ्या मावशीची मुलगी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचं नाव छापत नाही. तिचं जगणं एकदा न विचारता घेतलंय, तेवढं बास झालं. येडशीला आजोळी आम्ही उन्हाळ्यात एकत्र असायचो. स्टेशनच्या फलाटावर मी कोळशानं माणसं काढायचो आणि ही त्यांना बोलायला लावायची — हा अशानं असं म्हणतोय, ही तशानं तसं म्हणतीय. म्हणजे बघा, फुगे तेव्हापासून तिचे. पुढं तिचं लग्न होऊन ती तामलवाडीला गेली. तुळजापुराहून तामलवाडी किती लांब? एसटीत बसलो आणि उतरलो. अंक निघाला की पहिला गठ्ठा घेऊन मी तिच्याकडं जायचो. ती चहा टाकायची आणि बोलायची, मी तिकिटाच्या पाठीमागं लिहून घ्यायचो.

ताटांची कल्पनाही तिचीच. एकदा म्हणाली, "नवरा-बायकूचं काय चाललंय ते तोंडावर दिसत न्हाय म्हादू. ताटं कशी मांडल्यात ते बघ." मी ते तसंच उचललं आणि चित्रकथेचं नावच करून टाकलं. कुसुमचं बोलणं, तो टोमणा मारून पदर खोचणं, ते सगळं अक्काचं. तिचं नाव कुठं घातलं का मी? नाही. तिनंही कधी विचारलं नाही. हसायची आणि म्हणायची, माझी कुसुम काय म्हणतीय?

पण हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे, हाही आहेच. पण मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतोय तो हा नव्हे.

अक्काला एक मुलगी होती. घरातलं नाव सोनी. तेव्हा तीन वर्षांची.

उन्हाळ्याचे दिवस होते. दहाव्या अंकाचा गठ्ठा काखेत मारून मी फाट्यावर उतरलो आणि चालत अक्काच्या घरापाशी आलो. आलो म्हणजे रस्त्याच्या अलीकडं आलो. पलीकडं तिचं घर. अंगणात तिची पत्र्याची पेटी पडलेली, झाकण उघडं, दोन साड्या मातीत. दार बंद. अक्का बाहेर. आतून दाजींचा आवाज येत होता, अक्काच्या नवऱ्याचा, आणि नणंदेचा. काय बोलत होते ते इथं लिहीत नाही.

मी काय केलं असेल? तुम्हीच सांगा. बहीण उन्हात उभी, दार बंद. कुणीही चार पावलं टाकून पलीकडं गेला असता ना? दार वाजवलं असतं, दोन शब्द बोलला असता, निदान बहिणीला घोटभर पाणी तरी दिलं असतं.

मी रस्त्याच्या अलीकडच्या कडुलिंबाखाली थांबलो. त्या लिंबाची सावली रस्ता ओलांडून तिच्या अंगणात जाईपर्यंत थांबलो. मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मधे पडा. मला वाटलं, दाजी आपल्यालाही चार शब्द ऐकवतील. आणि खरं सांगायचं तर — सांगूनच टाकतो — मला ते दिसत होतं. ते बंद दार, ती पेटी, अक्काच्या पाठीची रेघ. माझं बोट आपोआप गठ्ठ्याच्या कागदावर फिरायला लागलं होतं. मधे एकदा अक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी आहे हे तिला कळलं. तिनं हाक मारली नाही. मी येईन असंच तिला वाटलं असणार, हाक कशाला मारायची?

दिवस मावळायच्या आत मी फाट्यावर येऊन गाडी धरली.

आठ दिवसांत अकरावा अंक तयार झाला. कुसुमला बाबू घराबाहेर काढतो, तो अंक. जुन्या वाचकांना आठवत असेल. शेवटच्या चित्रात खिडकी — एक ताट खिडकीच्या आत, एक बाहेर ओट्यावर, मधे गज. त्या चित्रानं माझं नाव झालं. तो अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. दार मी जसंच्या तसं काढलं होतं, कडीच्या वर ठोकलेल्या घोड्याच्या नालेसकट. लेकरू नव्हतं काढलं. कुसुमला लेकरू नाहीच, मग काढणार कसं? आणि — हेही सांगतो — मनात आलं होतं, पण वाटलं, चित्र गर्दीचं होईल.

दोन महिन्यांनी बैठक बसली. दोन्हीकडची माणसं देवीला येणारच होती, म्हणून तुळजापुरातच एका लॉजच्या हॉलमध्ये गाद्या टाकून बसले. दोन्ही घरांना मान्य असलेले एक रिटायर गुरुजी मधे होते. वाद एवढाच होता. दाजींकडचे म्हणत होते, ही स्वतःच्या पायानं घर सोडून गेली, तीन वर्षांचं लेकरू टाकून गेली. यायचं तर सगळ्यांपुढं माफी मागून यावं, नसंल यायचं तर लेकरू मिळणार नाही, जी टाकून गेली तिला कशाला द्यायचं? अक्का म्हणत होती, मी गेले न्हाय, मला भायेर काढलं, आन् लेकरू आत ठेवून घेतलं. शेजारपाजारची सगळी दाजींची भावकी. कुणी तोंड उघडेना.

मी दाराजवळ बसलो होतो. मावशीनं निरोप धाडला होता म्हणून आलो होतो. अन् खालच्या काउंटरवरचे अंक संपले होते, तेही ठेवायचे होते.

गुरुजींनी विचारलं, कुणी बघितलंय का? अक्का म्हणाली, "हाय की. माझ्या भावानं बघितलंय." आणि पिशवीतून अकरावा अंक काढून तिनं त्यांच्यापुढं ठेवला.

गुरुजींनी चष्मा लावला. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. एका ठिकाणी कुसुमच्या बोलण्याला हसलेही. मग म्हणाले, "ह्यात लेकरू कुठाय?" मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "महादेवराव, हे तुम्ही बघून काढलंय का मनानं?"

एवढंच. एका शब्दाचं काम होतं. बघून. 'बघून काढलंय गुरुजी, लेकरू होतं, मी काढलं नाही.' इतकंच म्हणायचं होतं.

किती गोष्टी डोक्यात आल्या म्हणून सांगू! दाजी माझ्याकडं न बघता वर पंख्याकडं बघत होते. बघून काढतो असं एकदा कबूल केलं की अर्धा तालुका माझी कॉलर धरायला येईल, असं वाटलं. मग बायका माझ्यापुढं बोलायच्या बंद होतील. आणि त्या सगळ्याच्या खाली आणखी एक होतं. थोड्या वेळापूर्वी हॉलमध्ये कुणीतरी कुणाला कुजबुजत म्हणालं होतं, 'हेच ते, मनानं रचतात.' ते ऐकून मला बरं वाटलं होतं. अजून बरं वाटत होतं. बहिणीचं लेकरू तिथं तोललं जात होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

"मनानं, गुरुजी," मी म्हणालो. "सगळं काल्पनिक असतं आपलं. मागं छापलेलंच असतं."

आणि उठून पुढं गेलो. कुणी उठ म्हणालं नव्हतं! गुरुजींच्या हातातला अंक उलटा केला आणि त्या बारीक वाक्यावर बोट ठेवून दाखवलं. ज्या चार पावलांना त्या दिवशी रस्ता ओलांडायचा होता, ती पावलं मी हॉलमध्ये टाकली.

गुरुजी म्हणाले, "काय डोकं चालतं हो तुमचं!"

मी लाजलो. कुणी कौतुक केल्यावर लाजतात ना, तसाच. अजून आठवतंय, कान गरम झाले होते.

अक्कानं हात पुढं करून अंक परत घेतला. त्याची मधोमध घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि पिशवीत ठेवला. रडली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. पिशवीचं तोंड बांधता बांधता एवढंच म्हणाली, "लेकरू तेवढं काढायचं राह्यलं बघ तुझं, म्हादू."

सोनी दाजींकडं राहिली. जे केलंच नाही त्याची माफी मागायला अक्का तयार झाली नाही, ती येडशीला आली. कोर्टात जा म्हणणारे होते. पण तिथंही कुणीतरी उभं राहून सांगायला लागतं, आणि सांगणारा कोण होता? मी. दोन-तीन वर्षांनी ती धाराशिवला एका मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागली. दुसऱ्यांच्या लेकींना वाढत राहिली. सोनी तिला कधीमधी दिसायची, जत्रेत, कुणाच्या तरी लग्नात, आत्याचं बोट धरून. जवळ यायची नाही. जी टाकून गेली तिच्याजवळ कशाला जायचं, असंच सांगितलं होतं तिला.

दोन वर्षं मी अक्काकडं फिरकलो नाही. मग एक दिवस निर्लज्जासारखा अंक घेऊन गेलो. तिनं हात पुसले, अंक घेतला आणि आधी शेवटचं पान उघडून ताटं बघितली. म्हणाली, "ह्या खेपेला कुसुम लई बोलली." झालं. पुन्हा सुरू. चहा, गप्पा, तिकिटाच्या पाठीमागचं लिहिणं. तिनं तो विषय एकदाही काढला नाही आणि मीही काढला नाही. मी मनाशी म्हणायचो, विसरली असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो बघा! तुम्हाला आवडलेले कुसुमचे कितीतरी टोले त्यानंतरचे आहेत. म्हणजे तिचं लेकरू घालवून वर तिचं बोलणंही वापरत राहिलो.

इथवर असतं तर कदाचित मी गप्पच मेलो असतो. पण दुसरं कारण म्हणालो होतो ते हे — गेल्या हिवाळ्यात सोनी माझ्या दुकानात आली.

बावीस वर्षांची झालीय. लग्न ठरलेलं. एकटीच आली, बसली, पाणी प्याली आणि पर्समधून अकरावा अंक काढला. सोलापूरला मैत्रिणीच्या आईनं सगळे अंक जपून ठेवले होते, त्यात तिला सापडला. पान उघडून म्हणाली, मामा, हे आमचं दार आहे, कडीच्या वर नाल आहे बघा. बैठकीत एवढी माणसं होती, दाजींच्या घरातली होती, कुणाच्या नजरेला ती नाल पडली नव्हती. हिच्या पडली. म्हणाली, आत्या सांगते आई मला टाकून गेली. आई म्हणते, असं ऐकलंय, की तिला बाहेर काढलं. मी तीन वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. तुम्ही बघितलं असंल तर सांगा. मग मी आईला लग्नाला बोलावते, कोण आडवं येतंय बघते.

बोलताना तिनं पदर नव्हे, ओढणी खोचली. तीच तऱ्हा.

एकोणीस वर्षांनी तोच प्रश्न माझ्या दारात येऊन बसला होता. देवीनं दुसऱ्यांदा विचारलं म्हणा. आता दाजींचं भय नव्हतं, ते थकलेत. कॉलर धरणारे राहिले नाहीत. गुरुजीही गेले. मग काय अडचण होती? एकच. हिला खरं सांगायचं तर बैठकीत खोटं बोललो हेही सांगावं लागणार. मामा मामा म्हणत समोर बसलेली पोर माझ्याकडं कशी बघेल, एवढाच विचार मी केला. तिच्या आईचा नाही केला. तिचाही नाही.

"बाळा, चित्रकथा आहे ती," मी म्हणालो. "असल्या नाला कितीतरी दारांवर असतात."

तिनं अंकाची घडी घातली. मधोमध एक, मग आणखी एक. हे कुणी शिकवलं असेल तिला?

लग्न वैशाखात झालं. अक्काला बोलावणं गेलं नाही. अक्काच्या सख्ख्या भावांशी दाजींकडच्यांचं बोलणं बंद, मग मुलीला मामा कुठून आणायचा? सोनीनंच सांगितलं, महादेवमामा आहेत की. मी गेलो! फेटा बांधला, रीतीप्रमाणं मामाकडची पिवळी साडी नेली. भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तिचा हात धरून मी तिला मांडवात आणली, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिलो. ज्यानं तिच्या आईला त्या घरातून पुसून टाकलं, तोच आईकडचं माणूस म्हणून उभा होता. सगळ्या फोटोंत आहे मी. बरा दिसतोय.

नंतर पंधरा दिवसांनी नवा अंक घेऊन अक्काकडं गेलो. मेसचा ओटा पुसत होती. मी लग्नाला गेलो होतो हे तिला कुठून तरी कळलेलं होतं. अंक हातात घेतला, पण पहिल्यांदाच उघडला नाही. विचारलं, "साडी कंच्या रंगाची व्हती?"

"पिवळी," मी म्हणालो. "मामाकडची."

"बरी दिसली असंल," ती म्हणाली, आणि पुन्हा ओटा पुसायला लागली. पुसून झालेलाच ओटा होता.

त्या दिवसापासून कुसुमचं नाक जमत नाही.

माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. कुणाकडं मागू? हा अंक मी पोस्टानं सोनीच्या सासरी पाठवतोय, एक तिच्या आत्याकडं, एक दाजींकडं. अक्काचा नेहमीसारखा हातानं नेणार आहे. ती घेईल, न घेईल. 'दोन ताटं' तुम्ही पुढं वाचावी का, ते तुमचं तुम्ही बघा, मी सांगणार नाही. मागच्या पानावरचं ते बारीक वाक्य ह्या अंकात नाही. त्या जागी मी लिंबाखालून काय बघितलं ते लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी लॉजच्या हॉलमध्ये, आणि गेल्या हिवाळ्यात माझ्याच दुकानात जे सांगायचं होतं, ते.

दार आतून लावलेलं होतं. अक्का दार वाजवत होती आणि एकच म्हणत होती, लेकरू तेवढं द्या, मी जाते. दार कुणी उघडलं नाही. मग ती खिडकीपाशी गेली. खिडकीत आतल्या बाजूनं सोनी चढून बसली होती, गजातून हात बाहेर काढून. त्या हातात अक्काचं बोट होतं. अक्का बाहेर उन्हात उभी आणि सोनी आत, अशा दोघी सावली अंगणात येईपर्यंत होत्या. अक्का तिला काहीतरी सांगत होती, मधूनमधून सोनी हसतही होती. मग आतून नणंद आली. तिनं सोनीची बोटं एकेक करून सोडवली आणि खिडकी लावून घेतली. सोनीनं सोडलं नव्हतं. अक्कानंही सोडलं नव्हतं. खिडकी लागल्यावरही अक्काचं बोट तिथंच गजात होतं.

तेव्हा मी लिंबाखाली होतो, काखेत दहाव्या अंकाचा गठ्ठा. हे मी मनानं काढलेलं नाही.